"त्या दिवशी तुमच्यापैकी कुणी आलं नाही": देऊळ सुटलेल्या एका भाचीचं प्रकरण

वसईतल्या आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या देवळाच्या (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) परिसरातल्या ख्रिस्ती समाजात, मी बरीच वर्षं धर्मशिक्षण शिकवते. आधी पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे मुलं पहिल्यांदा पवित्र भाकर घेतात त्याचा, वर्ग माझ्याकडे होता, आता दृढीकरणाचा, म्हणजे श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराचा, आहे. हे प्रकरण माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीचं आहे. तिच्या आणि जावयांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. दोघांनीही हे वाचलं आणि एका जागी माझी दुरुस्ती केली. ती दुरुस्ती पुढे त्या जागी सांगते.

परिस्थिती

भाची माझ्याच हाताखाली धर्मशिक्षण शिकली. हुशार होती, गळाही चांगला होता. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे देवळातल्या मुख्य उपासनेला, गायकवृंदात ती नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही. नोकरीनिमित्त ठाण्याला गेली आणि तिथे तिने एका हिंदू मराठी मुलाशी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न केलं. देवळात लग्न झालं नाही. त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं. बहीण, जिला मी ताई म्हणते, सहा महिने तिच्याशी बोलली नाही. मी बोलत होते, पण बोलण्यात धार होती.

लग्नानंतरही ती देवळात जात होती. कम्युनियनला उठत नव्हती, मागच्या बाकावर बसायची, पण जायची. हा तपशील मी मुद्दाम लिहिते. आमच्या वाडीत सगळे अजूनही म्हणतात की परधर्मात लग्न केलं आणि पोरीचं देऊळ सुटलं. तसं झालेलं नाही. लग्नानंतर जवळजवळ दोन वर्षं ती येत होती. देऊळ सुटलं त्याला एक ठरावीक दिवस आहे, आणि तो दिवस आमच्या घरातल्या सगळ्यांना माहीत असूनही त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यातच जन्मलं. काचेच्या पेटीत दीड दिवस जगलं. स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, झाला नाही, कारण बाळ घरी आलं की वसईला न्यायचं असं ठरलेलं होतं. बाळ गेल्यावर इस्पितळाच्या जिन्यातून धर्मग्रामाच्या कार्यालयात फोन लावण्यात आला. फादर त्या आठवड्यात गावात नव्हते. ज्यांनी फोन घेतला त्यांनी दोन प्रश्न विचारले: स्नानसंस्कार झाला आहे का, आणि आईबापांचं लग्न देवळात लागलं आहे का. दोन्हींची उत्तरं 'नाही' आली, तेव्हा आपल्या दफनभूमीत जागा देता येणार नाही असं सांगून फोन ठेवला. जावयांनी आणि त्यांच्या भावाने ठाण्याच्या स्मशानभूमीत बाळाला पुरलं. महिन्याभराने घरातल्याच एका वयस्कर बाईने भाचीचं सांत्वन करताना सांगितलं की अशी बाळं लिंबोमध्ये असतात, स्वर्गातही नाहीत आणि नरकातही नाहीत.

त्यानंतर अकरा वर्षं ती देवळाची पायरी चढली नाही. मधल्या काळात एक मुलगी झाली. तिचाही स्नानसंस्कार केला नाही.

मी काय काय चुकीचं केलं

ताईला पक्षाघाताचा सौम्य झटका आला आणि तिने मला गळ घातली, "तू शिकवतेस ना सगळ्यांना? मग माझ्या पोरीला परत आण."

मी कामाला लागले. रोज सकाळी मोबाइलवर बायबलमधलं एक वचन पाठवायचं. उपवासकाळातल्या रिट्रीटची पत्रकं पाठवायची. प्रवचनांचे व्हिडिओ पाठवायचे. झावळ्यांच्या रविवारी फोन करून विचारायचं, "येतेस का ग, झावळी राखून ठेवते." ती नेहमी सभ्यपणे उत्तर द्यायची. हात जोडल्याचं चित्र यायचं. मला वाटायचं, संवाद चालू आहे.

एकदा मी तिला आपल्या पूर्वजांची आठवण दिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज निघून गेले, तरी आपल्या वाडवडिलांनी देऊळ सोडलं नाही, आणि तू ठाण्याला गेलीस तर सोडलंस, असं मी म्हणाले. आमच्याकडे हा दाखला फार वापरतात आणि त्यातला अभिमान खोटा नाही. पण दुखावलेल्या माणसाला तो दिला की त्याचा अर्थ एकच निघतो: तू तीनशे वर्षांच्या साखळीतली तुटलेली कडी आहेस. त्यानंतर चार महिने हात जोडल्याचं चित्रही आलं नाही.

दीड वर्ष असं गेलं. या दीड वर्षात मी तिला एकही खरा प्रश्न विचारला नव्हता. "येतेस का?" हा प्रश्न मी धरत नाही, ते बोलावणं होतं. इतकी वर्षं मुलांना शिकवणाऱ्या बाईला हे कळायला हवं होतं.

एका वाटेची गोष्ट

दुसऱ्या धर्मप्रांतातल्या एका ओळखीच्या फादरांशी मी यावर बोलले. त्यांनी मला लूकच्या २४ व्या अध्यायातली अम्माऊसच्या वाटेची गोष्ट पुन्हा वाचायला सांगितली. मी ती शेकडो वेळा शिकवली आहे. दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊसला निघाले आहेत, येशू त्यांच्याबरोबर चालू लागतो आणि ते त्याला ओळखत नाहीत. मी नेहमी शेवटावर भर द्यायची: भाकर मोडली आणि त्यांचे डोळे उघडले. फादर म्हणाले, "सुरुवात वाचा. तो आधी काय करतो?"

तो विचारतो, चालता चालता तुम्ही कशाबद्दल बोलताय? आणि ते सांगतात. नुसती घटना सांगत नाहीत, मनातलं सांगतात: आम्हाला आशा होती. साठ स्टेडिया म्हणजे सुमारे ११ किलोमीटरची ती वाट, आणि यरुशलेमकडे पाठ करून चाललेली. तो त्यांना थांबवून मागे फिरवत नाही. त्यांच्या दिशेने चालत राहतो. पुढे त्यांना बोलतोही, मंदबुद्धी म्हणतो, हेही खरं आहे. आपण या गोष्टीला फार गोड करून टाकतो. पण त्याचं बोलणं त्यांचं ऐकून झाल्यावर येतं.

फादरांनी मला विचारलं, "तुमच्या भाचीला कशाची आशा होती?"

मला उत्तर देता आलं नाही.

ठाण्यातलं स्वयंपाकघर

पुढच्या शनिवारी मी घोडबंदरच्या रस्त्याने ठाण्याला गेले. काही न्यायचं नाही असं ठरवलं होतं. जपमाळ नाही, पवित्र पाण्याची बाटली नाही. फक्त घरच्या केळींचा घड नेला.

भाची भाकऱ्या करत होती, जावई कोथिंबीर निवडत होते. मी ओट्याजवळ स्टुलावर बसले. अर्ध्या तासाने धीर करून विचारलं, "बाळ गेलं त्या दिवसाचं मला कधी नीट सांगितलं नाहीस. सांगशील का?"

तिचा हात तव्यावरच थांबला. ती बोलली नाही. बोलले ते जावई. आवाज चढवला नाही. म्हणाले, "मावशी, त्या दिवशी तुमच्यापैकी कुणी आलं नाही."

आधी मी लिहिलं होतं की जावई हे रागाने म्हणाले. दुरुस्ती आली ती इथे. ते म्हणाले, "मी रागावलो नव्हतो. मला खरंच कळत नव्हतं की का आलं नाही. मला वाटलं, तुमच्यात अशीच रीत असेल."

तुमच्यात अशीच रीत असेल. अकरा वर्षं या भल्या माणसाला वाटत होतं की कॅथलिक लोकांमध्ये मेलेल्या तान्ह्या बाळाला बघायला जायचं नसतं.

मी त्या दिवशी का गेले नाही, हे मी त्यांना सांगितलं. शाळेत परीक्षा होत्या, हे कारण मी तेव्हा सर्वांना दिलं होतं. खरं कारण असं की त्या लग्नाचा राग माझ्या मनात होता आणि आता जाऊन काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. मी म्हणाले, "माझं चुकलं. कार्यालयातून जे सांगितलं गेलं तेही चुकीचं होतं. पण त्याच्या आड मी लपणार नाही. मी तुझी मावशी होते आणि तुझी शिक्षिका होते. मी यायला हवं होतं."

तिने भाकरी उलटली. मग सांगू लागली. बाळाचं वजन ९०० ग्रॅम होतं. नाव ठेवलं होतं. ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मावशी म्हणवून घेते आणि बाळाचं नाव मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी देवाचं नाव कुणी काढलं नाही. निघताना तिने डब्यात दोन भाकऱ्या बांधून दिल्या.

प्रश्न

त्यानंतर सहा महिने मी महिन्यातून एकदा जात राहिले. धर्माचा विषय मी काढला नाही. ताई फोनवर चिडायची, "नुसती जेवून येतेस?" मी म्हणायची, "हो."

सहाव्या महिन्यात तिने स्वतः विचारलं. लेक झोपली होती, जावई बाहेर गेले होते. "मावशी, माझं बाळ कुठे आहे?"

इथे श्रद्धा सांगायची वेळ आली होती. पूर्वीची मी असते तर, "देवाच्या कुशीत आहे ग," म्हणून तिला जवळ घेतलं असतं. पण तिला लिंबो सांगणाऱ्या बाईचाही हेतू वाईट नव्हता, आणि तिच्याही बोलण्यात खात्रीच होती. म्हणून ख्रिस्तसभा, म्हणजे आमची कॅथलिक चर्चसंस्था, जेवढं म्हणते तेवढंच सांगायचं, कमी नाही आणि जास्तही नाही, असं मी ठरवून गेले होते. चार महिने त्याचा अभ्यास केला होता.

मी तिला सांगितलं की लिंबो ही पूर्वीच्या धर्मपंडितांनी मांडलेली एक उपपत्ती होती. ख्रिस्तसभेने ती कधीही श्रद्धेचा सिद्धांत म्हणून घोषित केली नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या १२६१ व्या परिच्छेदात अशा बाळांविषयी लिहिलं आहे. ख्रिस्तसभा त्यांना देवाच्या दयेवर सोपवते, बालकांना माझ्याकडे येऊ द्या असं म्हणणाऱ्या येशूच्या मायेची आठवण देते आणि त्यांच्यासाठी तारणाचा मार्ग आहे अशी आशा धरते. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने, म्हणजे व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या सल्लागार मंडळाने, याच प्रश्नावर सविस्तर विवेचन केलं. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने ते प्रसिद्ध झालं आणि त्याचाही सूर आशेचाच आहे.

ती म्हणाली, "म्हणजे नक्की माहीत नाही."

"नक्की कळलं आहे असं ख्रिस्तसभा म्हणत नाही. आशा धरायला कारणं आहेत असं म्हणते. ती कारणं म्हणजे येशू स्वतः कसा आहे ते."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे बरं वाटलं. नक्की सांगणाऱ्यांचं मी ऐकलंय."

मग मी दुसरी गोष्ट सांगितली. ती सांगणं मला सर्वांत जड गेलं. १९८३ च्या धर्मसंहितेचं, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या पुस्तकाचं, ११८३ वं कलम सांगतं की आईवडिलांची स्नानसंस्कार देण्याची इच्छा होती आणि त्याआधीच बाळ गेलं, तर स्थानिक धर्माधिकारी त्याला ख्रिस्ती अंत्यविधीची परवानगी देऊ शकतात. मिस्साच्या प्रार्थनाग्रंथात अशा बाळांसाठी वेगळ्या प्रार्थनाही आहेत. म्हणजे त्या दिवशी विचारायचा प्रश्न एकच होता: तुमची इच्छा होती का? तो कुणी विचारला नाही.

इच्छा होतीच. ताईने स्नानसंस्कारासाठी पांढरं झबलं शिवून ठेवलं होतं. बाळ गेल्यावर ते तिने कपाटाच्या तळाशी ठेवलं आणि अकरा वर्षं कुणाला दाखवलं नाही. हे मला ताईने नंतर सांगितलं. पोरीला परत आण म्हणून माझ्या मागे लागलेली ताई स्वतःचं दुःख कुठे ठेवून होती, तेही मला तेव्हाच कळलं.

त्याच संध्याकाळी भाचीने विचारलं, "इस्पितळात कुणी पाणी घातलं असतं तर चाललं असतं?" मी हो म्हणाले. जिवाला धोका असेल तेव्हा योग्य हेतूने कुणीही स्नानसंस्कार देऊ शकतं. पाणी ओतायचं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने शब्द म्हणायचे. देणारी व्यक्ती ख्रिस्ती असलीच पाहिजे असंही नाही. नर्स देऊ शकते, हिंदू बापही देऊ शकतो.

"तू मला हे कधी शिकवलं नाहीस."

नव्हतं शिकवलं. सात संस्कारांची नावं पाठ करून घेतली होती, क्रमाने. हे राहिलं. आता दृढीकरणाच्या वर्गात एक पूर्ण तास यालाच असतो. बाहुली आणि तांब्या घेऊन प्रत्येक मुलामुलीकडून करून घेते, आणि हेही सांगते की हे जमलं नाही तरी देवाचे हात बांधलेले नाहीत.

देवळाच्या आत

नोव्हेंबरात, २ तारखेला, आमच्या दफनभूमीत मृतांच्या दिवशी सगळी वाडी जमते. थडगी धुतात, झेंडूच्या माळा घालतात, संध्याकाळी इतक्या मेणबत्त्या लागतात की रस्त्यावरून उजेड दिसतो. भाचीने तिथे यायची तयारी दाखवली, पण बाळ तिथे नाही. आत्ताचे आमचे प्रमुख धर्मगुरू तिला आदल्या आठवड्यात भेटले. त्यांनी पहिलं वाक्य क्षमेचं उच्चारलं. त्या वेळी ते या धर्मग्रामात नव्हतेही, पण "हे आमच्याकडून झालं" असं ते म्हणाले. त्या दिवशीच्या मिस्सामध्ये मृतांच्या नावांमध्ये त्यांनी बाळाचं नाव घेतलं. आजोबांच्या थडग्यावर बाळासाठी वेगळी मेणबत्ती लावली. ताईने ते झबलं पिशवीतून आणलं होतं. तिने ते बाहेर काढलं नाही, नुसतं लेकीच्या हातात पिशवी दिली.

जावई दफनभूमीच्या फाटकाशी उभे होते. आत यावं की नाही, त्यांना कळत नव्हतं. मी जाऊन त्यांना हाताला धरून आणलं.

यानंतर भाची महिन्यातून एकदोनदा मिस्साला येऊ लागली. इथे पुन्हा एक अवघड जागा आली. तिने विचारलं, "मी कम्युनियनला उठू का?" मला खोटं बोलता येत नव्हतं. म्हटलं, आत्ता नाही. कॅथलिक व्यक्तीचं लग्न ख्रिस्तसभेच्या रीतीने, म्हणजे धर्मगुरू आणि दोन साक्षीदार यांच्यासमोर व्हावं लागतं, आणि तुझं झालेलं नाही. मी आधीच्या सहा महिन्यांत तिचं ऐकलं नसतं तर या वाक्यावर ती उठून गेली असती. या वेळी ती म्हणाली, "मग काय करायचं असतं?"

आमच्या प्रमुख धर्मगुरूंनी दोघांना बसवून समजावलं. जावयांची पहिली शंका रास्त होती: धर्म बदलावा लागेल का? नाही. कुणी तशी अपेक्षाही करत नाही. आपली श्रद्धा जपण्याचं आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल ते करण्याचं वचन द्यायचं ते भाचीने, त्यांनी नाही. त्यांना ते वचन माहीत असलं पाहिजे, इतकंच. रस्ते दोन आहेत. बिशपांच्या परवानगीने देवळात साधेपणाने पुन्हा संमती उच्चारायची, किंवा आधी दिलेली संमती टिकून असल्यामुळे, ती पुन्हा न उच्चारता, बिशपांनीच ते लग्न मुळापासून वैध ठरवायचं. जावयांना दुसरा रस्ता पटला. म्हणाले, "मी एकदा हो म्हणालोय. ते खोटं होतं असं मला पुन्हा 'हो' म्हणून दाखवायचं नाही." फादर म्हणाले, या दुसऱ्या रस्त्याचा अर्थ नेमका तोच आहे.

सध्या

अर्ज अजून जायचा आहे. भाची अजून पापनिवेदनाला गेलेली नाही आणि मी विचारत नाही. लेक नऊ वर्षांची आहे. तिच्या स्नानसंस्काराचं काय, यावर दोघांचं बोलणं चालू आहे, आणि ते त्यांचं आहे. ताईला हे सगळं फार हळू चाललंय असं वाटतं. काही रविवारी भाची येत नाही. गायकवृंदाच्या बाईंनी तिला विचारून पाहिलं, ती नको म्हणाली.

अर्जासाठी स्नानसंस्काराचा नवा दाखला लागतो. मागच्या महिन्यात ती तो घ्यायला आली. मी बरोबर होते. अकरा वर्षांपूर्वी जिथे फोन वाजला होता तेच कार्यालय. आता तिथे वेगळा मुलगा बसतो. माझाच विद्यार्थी. त्याला काही माहीत नाही. त्याने जुनी नोंदवही काढली, पानं उलटली आणि तिच्या नावावर बोट ठेवलं. तिचे आईबाप, देवपिता, देवमाता, त्या वेळच्या फादरांची सही. उजवीकडे शेरे लिहायची जागा असते. तिथे तिच्या दृढीकरणाची तारीख होती आणि खाली एक रेघ कोरी होती.

"इथे काय लिहितात?" तिने विचारलं.

"लग्न," तो मुलगा म्हणाला, आणि दाखला लिहायला घेतला.